ज्येष्ठांच्या पडण्यामागे झोपही असते

महोदय,

घरातील वयस्कर माणूस पडले की फरशी ओली होती का, पायात चप्पल कुठली होती, दिवा लावला होता का, अशी चौकशी लगेच होते आणि ती व्हायलाही हवी. मात्र आदल्या रात्री झोप कशी लागली होती आणि झोपेसाठी काही घेतले होते का, हे घरचे सहसा विचारत नाहीत. डॉक्टरांच्या तपासणीतही हा प्रश्न अनेकदा राहून जातो. पासष्टीपुढील सुमारे एक तृतीयांश माणसे वर्षातून एकदा तरी पडतात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी ६ लाख ८४ हजार लोक पडल्यामुळे दगावतात. अशा वेळी एवढे महत्त्वाचे कारण नजरेआड राहावे, याची मला खंत वाटते.

वयाबरोबर गाढ झोप कमी होते, लघवीसाठी रात्री दोन-तीनदा उठावे लागते. डोळ्यांवर झोप असताना, चष्मा न लावता, घाईने उभे राहिले की रक्तदाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि आधारासाठी पुढे केलेला हात भिंतीपर्यंत पोहोचण्याआधीच तोल जातो. उठताना पलंगाच्या काठावर पाय सोडून मिनिटभर बसले, तर यातले काही प्रसंग नक्की टळतील. शिवाय अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीही पावलांवरचे लक्ष कमी होते, ते वेगळेच.

मला अधिक काळजी वाटते ती झोपेच्या गोळ्यांची. एखाद्या आजारपणात चार दिवसांसाठी लिहून दिलेली गोळी जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे चालू राहते आणि उशाशी ठेवलेल्या त्या पाकिटाचा उल्लेख डॉक्टरांपुढे होतच नाही, कारण घेणाऱ्याच्या लेखी ते औषधच नसते. डायझेपामसारख्या गोळीचा अंश वृद्धांच्या शरीरात काही दिवस रेंगाळतो. म्हणजे रात्रीच्या गोळीची गुंगी दिवसाच्या चालण्यातही असते. झोप येते म्हणून घेतल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्याही निर्धोक नाहीत. वृद्धांसाठी शक्यतो टाळावयाच्या औषधांच्या ‘बीअर्स’ यादीत या दोन्ही प्रकारच्या गोळ्यांचा समावेश आहे. दीर्घकालीन निद्रानाशावर आधी गोळीऐवजी झोपेच्या सवयी आणि झोपेविषयीची धास्ती बदलणारी वर्तन उपचारपद्धती वापरावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्येच केली आहे.

म्हणून ज्येष्ठांच्या प्रत्येक तपासणीत झोपेची आणि त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या सर्व गोळ्यांची चौकशी व्हावी, अशी माझी डॉक्टरांना विनंती आहे. घरच्यांनीही ती पाकिटे सोबत न्यावीत. मात्र हे पत्र वाचून कोणीही आपली गोळी एकाएकी बंद करू नये; दीर्घकाळ घेतलेली गोळी अचानक थांबवल्यास झोप आणखी बिघडते, क्वचित झटकेही येऊ शकतात, त्यामुळे ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करावी लागते.

— एक वाचक