इदीरची गाणी आणि तुझं परदेशी जाणं

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. हॅम्बुर्गची नोकरी पक्की झाल्याचं तू दोन ओळींत उरकलंस आणि उरलेल्या पानभर एकच घोर लावून घेतलास, की तिकडे गेल्यावर गाणं संपलं. आजीच्या ओव्या गिटारवर बसवायचं काम आता कुठे रंगात येत होतं, ते अर्ध्यावर सुटणार असं तुला वाटतंय. फोनवर बोललो असतो तर तू मला मध्येच तोडलं असतंस, म्हणून सविस्तर लिहितोय. तुला इदीरबद्दल सांगायचंय.

इदीर हा अल्जीरियाचा गायक, खरं नाव हमीद शेरिएत. आपण ज्यांना बर्बर म्हणतो आणि जे स्वतःला अमाझीग म्हणवतात, त्यांच्यातल्या कबाईल लोकांपैकी तो. जुर्जुराच्या डोंगराळ मुलखात बेनी येनी नावाचा भाग आहे, चांदीच्या दागिन्यांसाठी नावाजलेला. तिथल्या आयत लहसेन गावात १९४९ साली तो जन्मला. आई आणि आजी दोघीही कवनं रचायच्या, पण सगळं तोंडी, कागदावर एक अक्षर नाही. हा मात्र शिकला भूगर्भशास्त्र. पुढे तेलाच्या क्षेत्रात नोकरी, असा सरळ रस्ता समोर होता.

१९७३ मध्ये अल्जियर्स रेडिओवर नूआरा ही गायिका ऐन वेळी येऊ शकली नाही आणि तिच्या जागी यानेच एक अंगाई गायली. गाणं म्हणून पोट भरणाऱ्याला त्या समाजात फारसा मान नव्हता. घरच्यांना पत्ता लागू नये म्हणून त्याने इदीर हे नाव घेतलं. मग आलं ‘आ वावा इनूवा’. शब्द कवी बेन मोहमेद यांचे, मूळ कथा तिथल्या आज्या सांगत आल्या ती. जंगलात एका झोपडीत म्हातारा बाप राहतो, मुलगी घ्रिबा त्याला भेटायला येते. दार उघड बाबा, असं ती म्हणते. तो म्हणतो, बांगड्या वाजव बघू पोरी, म्हणजे तूच आहेस हे मला कळेल. रानातल्या राक्षसाची भीती वाटते, असं ती म्हणते, आणि बाप उत्तर देतो, मलाही वाटते गं.

कडव्यात तर काहीच ‘घडत’ नाही. बर्फाने दारं बुजलीत. आजोबा बर्नूस, म्हणजे टोपीचा लोकरी झगा, पांघरून शेकत बसलेत, मुलाच्या डोक्यात दाण्यापाण्याची चिंता घोळतेय, सून मागाच्या आड विणतेय, पोरं आजीभोवती गोष्टीसाठी जमलीत. एक गिटार, एक पुरुषाचा आवाज, एक बाईचा. बस्स. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओवीत जसं अख्खं घर मावतं, तसंच इथे. ही सोय कशी साधते ते मी कितीतरी वेळा ऐकून शोधलं. माझ्या मते गिटार शब्दांच्या पुढे धावत नाही, हे तिचं मर्म. तू तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकं उलट करतोस, हे आधीही बोललो होतो.

गाणं गाजत होतं तेव्हा स्वारी लष्करी सेवेत होती. १९७५ मध्ये पॅरिसला गेला आणि १९७६ मध्ये पहिला अल्बम निघाला. आता तुझ्या मुद्द्याशी येतो. पॅरिस त्याच्यासाठी ओसाड माळ नव्हतं. कबाईल मजूर कित्येक दशकांपासून फ्रान्समधल्या कारखान्यांत राबत होते, त्यांची कॅफे होती, त्यांचे गायक होते. स्लिमान आझेम तिथेच गायला आणि १९८३ मध्ये मोआसाक गावी परदेशातच वारला. उलट मायदेशीच कबाईल भाषेची कोंडी होती. स्वातंत्र्यानंतर शाळेत नि सरकारदरबारी अरबीच. १९८० मध्ये तिझी वुझू या कबाईल मुलखातल्या शहरात प्राचीन कबाईल कवितेवर मुलूद मामेरी यांचं व्याख्यान होणार होतं. इदीरच्याच बेनी येनीचा हा लेखक. सरकारने व्याख्यानावर बंदी घातली आणि सगळा प्रदेश रस्त्यावर उतरला. तमाझिग्तला, म्हणजे अमाझीग लोकांच्या भाषेला, राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळायला २००२ उजाडलं, अधिकृत भाषेचा मिळायला २०१६.

किंमत मोजावी लागली, ते लपवत नाही. १९७९ च्या दुसऱ्या अल्बमनंतर बराच काळ त्याचं जवळपास काहीच आलं नाही. अल्जीरियात तो तब्बल ३८ वर्षं गायला नाही. जानेवारी २०१८ मध्ये, अमाझीग नववर्षाच्या, म्हणजे यन्नायरच्या निमित्ताने अल्जियर्सला परत गायला. त्याच वर्षीपासून यन्नायरची सरकारी सुट्टीही सुरू झाली.

पण भाषा त्याने सोडली नाही, आणि भाषेला कुलूपही लावलं नाही. मला त्याची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. १९९९ च्या ‘इदांतिते’ अल्बममध्ये मानू चाओ, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातला दान आर ब्राझ असे कितीतरी कलावंत त्याच्याबरोबर आहेत आणि ‘आ वावा इनूवा’ त्याने स्कॉटलंडची गायिका कॅरन मॅथेसन हिच्यासोबत पुन्हा गायलं. २०१७ मध्ये शार्ल आझनावूरला सोबत घेऊन त्याचं ‘ला बोएम’ हे गाणं कबाईल भाषेत आणलं. आझनावूर म्हणजे फ्रान्सचा केवढा लाडका आवाज, आणि तोही आर्मेनियन निर्वासितांचा मुलगा! चाळीसहून अधिक वर्षं परक्या शहरात राहिलेला माणूस त्या शहराच्या एका गाजलेल्या गाण्याला आपल्या आईची भाषा बोलायला लावतो. हे त्याला गावात बसून जमलं असतं असं मला नाही वाटत.

२ मे २०२० रोजी पॅरिसमध्ये तो गेला, फुप्फुसाच्या आजाराने. फ्रान्समध्ये लॉकडाउन चालू होता. पेर लाशेझ दफनभूमीत त्याला ठेवलंय.

सुहास, हॅम्बुर्गला जा. तिथे मराठी मंडळी भेटतील, पण फक्त त्यांच्यापुरतं गाऊ नकोस. तिथला एखादा वाजवणारा गाठ, त्याला ओवीची लय हातावर टाळी देऊन शिकव आणि त्याला काय सुचतं ते ऐक. शब्द मात्र जसेच्या तसे ठेव, ‘लोकांना कळावं’ म्हणून एकही सोपा करू नकोस.

इदीरचा १९७६ चा अल्बम आधी ऐक, २०१७ चा शेवटी, मधले हवे तसे. ऐकून झालं की लिही. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अनिरुद्ध