विषय: पगार सुट्टीवर, दंड ड्युटीवर! १ मे २०२५ चे ५९० रुपये परत करा

आत्ता दहा मिनिटांपूर्वी तुमच्या कस्टमर केअरशी चौथ्यांदा बोलून फोन आपटलाय, त्यामुळे नमस्कार वगैरे राहू दे. तक्रार नंबर, खाते नंबर, स्क्रीनशॉट सगळं जोडलंय, परत मागू नका, तीनदा दिलंय.

१ मे, गुरुवार, महाराष्ट्र दिन, बँका बंद, मान्य. आमच्या अकाउंट्सवाल्यांनी पगाराची फाईल ३० एप्रिललाच संध्याकाळी पावणेसहाला अपलोड करून ऑथराइज केली होती. कंपनीचं करंट खातं तुमच्याच शाखेत, माझं सॅलरी खातंही तुमच्याच शाखेत, म्हणजे पैसे कुठे लांब जायचेच नव्हते, तुमच्याच वहीत या पानावरून त्या पानावर जायचे होते. ते गेले २ तारखेला ११ वाजून ४७ मिनिटांनी. का, तर म्हणे फाईल 'नेक्स्ट वर्किंग डे'ला प्रोसेस होते.

बरं, सुट्टी तर सुट्टी. पण माझा घराचा हप्ता १७,४५० रुपये, दुसऱ्या फायनान्स कंपनीचा, दर १ तारखेला तुमच्या खात्यातून एनएसीएचने, म्हणजे हप्ते आपोआप कापणाऱ्या सिस्टिमने जातो, आणि ती सिस्टिम १ ऑगस्ट २०२१ पासून आठवड्याचे सातही दिवस चालते, हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमाल आहे. सकाळी ९:१२ ला मेसेज, हप्ता बाउन्स. खात्यात २,३१८ होते. ९:१४ ला दुसरा मेसेज, बाउन्स चार्ज ५०० अधिक जीएसटी ९०, एकूण ५९० कापले, शिल्लक १,७२८. म्हणजे सुट्टीच्या दिवशी हप्ता तपासायला, तो परत पाठवायला आणि दंड वसूल करायला तुमची बँक अगदी अंघोळ करून तयार होती, फक्त पगार टाकायला कोणी नव्हतं. फायनान्स कंपनीने त्यांचा बाउन्स चार्ज वेगळा लावलाय तो वेगळाच.

आता तो फोन. १ तारखेला सव्वादहा. बावीस मिनिटं होल्डवर तुमची जाहिरात ऐकली, मग एक मुलगा आला. म्हणाला, मॅडम आज बँक हॉलिडे असल्यामुळे क्रेडिट होणार नाही. म्हटलं मग डेबिट कसं झालं? म्हणाला ते सिस्टिमने होतं. आणि पगार कोण टाकतं, साहेब हाताने टाकतात का? तर म्हणाला, नाही मॅडम, तोही सिस्टिमनेच. मी म्हटलं, मग एकच सिस्टिम सकाळी दंडासाठी जागी आणि पगारासाठी झोपलेली कशी? यावर गप्प. परत होल्ड, परत जाहिरात, आणि मग काय म्हणाला माहितीये? 'मॅडम, तुम्ही सुट्टीचं कॅलेंडर बघून अकाउंटला बॅलन्स मेंटेन करायला हवा होता.' अहो, बॅलन्स मेंटेन करायला पगार लागतो ना! तोच मागायला फोन केला होता! वर लगेच, 'तुमच्या प्रोफाइलवर सॅलरी ओव्हरड्राफ्टची छान ऑफर आहे, ॲक्टिव्हेट करू का?' म्हणजे माझाच पगार अडवून ठेवायचा आणि त्याच पगारावर मला व्याजाने कर्ज द्यायचं. आमच्या आजोळी सावकार होता, तो निदान आधी चहा तरी पाजायचा. फोन ठेवताना महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छाही दिल्या आणि पाचपैकी पाच रेटिंग द्यायला सांगितलं. कामगार दिनही होता हो त्या दिवशी, तेवढंच राहिलं.

त्या पोरावर माझा राग नाही, तो बिचारा स्वतः सुट्टीच्या दिवशी कामावर होता.

अजून एक. आमच्या दिल्ली ऑफिसचा पगार तिथल्या शाखेतून जातो, दिल्लीत १ मेला बँकांना सुट्टी नसते, त्यांचा पगार सकाळीच पडला. एकच कंपनी, एकच बँक. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून दिवसरात्र चालू आहे, रात्री दोनला मी कोणालाही पैसे पाठवू शकते, पण पगाराची फाईल अजून शाखेचं शटर कधी उघडतं त्याची वाट बघत बसते. १ एप्रिललाही हेच झालं होतं, वार्षिक क्लोजिंग म्हणून. तेव्हा दिराकडून उसने घेऊन हप्ता वाचवला. दर वेळी कोणाकडे हात पसरू?

कामाच्या मावशींना मी १ तारखेला पगार देते, अकरा वर्षं एकदाही चुकले नव्हते. त्या दिवशी त्यांना सांगितलं बँकेला सुट्टी आहे. त्या ओट्यावरचं फडकं पिळत म्हणाल्या, 'असू दे ताई, उद्या द्या, पण मी आज आलेच ना कामाला.' लाज वाटली मला. तुम्हाला वाटायला हवी होती.

तर ५९० रुपये परत करा. फायनान्स कंपनीने लावलेला चार्जही तुम्हीच भरा. आणि आदल्या दिवशी ऑथराइज झालेली फाईल सुट्टीला का थांबते ते लेखी कळवा, 'असुविधेबद्दल दिलगीर' असला छापील मेल नको, तसले दोन आलेत. ३० दिवसांत नीट उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार, फॉर्म आत्ताच उघडून ठेवलाय. आमच्या कंपनीत ४२ जणांची सॅलरी खाती तुमच्याकडे आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचे हप्ते १ तारखेलाच असतात. एचआर दुसऱ्या बँकेशी बोलतेय. माझ्या वडिलांनी मला पहिलं पासबुक तुमच्याच बँकेचं काढून दिलं होतं म्हणून एवढं लिहितेय, नाहीतर सरळ खातं बंद केलं असतं.

आणि ५९० रुपये, विसरू नका.

ता.क. हे लिहीत असतानाच ओव्हरड्राफ्टच्या ऑफरचा मेसेज परत आला. तो आधी बंद करा.