आस्वानच्या अम्मना, उस्ताजांच्या मुलीकडून

प्रिय अम्म,

सप्रेम नमस्कार.

बाबांचा घोटा आता पूर्ण बरा आहे. हे आधी सांगते, कारण फोनवर तुमचा पहिला प्रश्न तोच असतो आणि उत्तर मिळेपर्यंत तुम्ही दुसरं काही बोलत नाही. जिना ते काठीशिवाय उतरतात. काठी दुसऱ्या कामाला लागली आहे, ते पुढे येईलच.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. बाबांच्या हाताखालून गेलेले विद्यार्थी भेटले की विचारतात, सरांची इजिप्तमधल्या आस्वानची सहल कशी झाली? मी देवळांचे फोटो दाखवते आणि त्यात तुम्ही कुठेच नसता. ते मला बरोबर वाटत नाही. आम्ही जे आस्वान पाहिलं ते तुमच्या होडीतून पाहिलं.

जानेवारीतली ती सकाळ. नाईल नदीतल्या एलिफन्टाइन बेटावर उतरताना ओल्या पायरीवरून बाबांचा पाय सरकला आणि ते खाली बसले ते उठेचनात. मला काही सुचत नव्हतं. मागून येणारी माणसं वळसा घालून पुढे जात होती. तुम्ही शेजारच्या होडीत दोर गुंडाळत होतात. तो तसाच टाकून आलात, बाबांच्या काखेत हात घातलात, त्यांना होडीतल्या गादीवर निजवलंत आणि डोक्याचा पांढरा फेटा सोडून, नदीत भिजवून, घोट्याला घट्ट बांधलात. पलीकडच्या दवाखान्यात एक्स-रे होईपर्यंत बाकावर बसून राहिलात. हाड मोडलेलं नव्हतं. पैसे द्यायला गेले तेव्हा म्हणालात, होडीचे घेईन, फेट्याचे नाही.

धक्क्यावरची सगळी पोरं तुम्हाला ‘अम्म’ अशी हाक मारत होती. अम्म म्हणजे काका, हे मला त्याच दिवशी कळलं. बाबा शिक्षक होते असं सांगितल्यावर तुम्ही त्यांना ‘उस्ताज’ म्हणायला लागलात आणि ते अजून त्या शब्दावर खूश आहेत.

आमच्या हातात आणखी चार दिवस होते आणि बाबांना पाऊल टेकवता येत नव्हतं. मी परतीचं तिकीट बदलायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, चालता येत नसेल तर चालायचं नाही. हे गाव पाण्यावरूनच बघायचं असतं.

बाबांना आस्वानच का बघायचं होतं, हे मी तुम्हाला तेव्हा नीट सांगू शकले नाही. त्यांनी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि दर वर्षी एक तास तुमच्या गावासाठी राखून ठेवला. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रीक विद्वानाने तुमच्या गावाच्या आधाराने पृथ्वीचा परीघ काढला. गावाचं ग्रीक नाव सायीनी. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी भर दुपारी सायीनीतल्या विहिरीच्या तळाशी सूर्य दिसतो, असं त्याला माहीत होतं. त्याच वेळी उत्तरेला अलेक्झांड्रियात उभ्या काठीची सावली पडते. तिचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा. दोन गावांमधलं अंतर ५,००० स्टेडिया; स्टेडिया हे अंतराचं जुनं ग्रीक माप. त्याला पन्नासने गुणा, झाला पृथ्वीचा परीघ, २,५०,००० स्टेडिया. बाबा वर्गात हे खडू उभा धरून शिकवायचे. मी त्यांच्याच वर्गात होते.

होडीत बाबांनी हे सगळं फळीवर कोळशाने काढून दाखवलं. तुम्ही शांतपणे ऐकलंत आणि म्हणालात, विहिरीचं ठाऊक नाही, पण उन्हाळ्यात एक दिवस असा येतो की डोलकाठी आपली सावली गिळून टाकते. बाबा माझ्याकडे वळून बघत राहिले. आयुष्यभर पुस्तकातून शिकवलेली गोष्ट त्यांना पहिल्यांदा अशा माणसाच्या तोंडून ऐकायला मिळत होती, ज्याला ती कुणीच शिकवलेली नव्हती.

मग शीड सोडलंत. इथे वारा बहुतेक उत्तरेकडून येतो आणि नदी उत्तरेकडे वाहते. म्हणून दक्षिणेला जायचं तर शीड उभारायचं, परत यायचं तर शीड उतरवून प्रवाहाला होडी द्यायची. जुन्या इजिप्शियन चित्रलिपीतही दक्षिणेला जाण्याच्या खुणेत होडीला शीड असतं आणि उत्तरेला जाण्याच्या खुणेत नसतं. हे बाबांनी सांगितलं तेव्हा तुम्ही जे हसलात ते आठवतं. ‘म्हणजे लिहिणारा नावाडीच होता,’ असं म्हणालात.

आस्वानचं रूप खरं तर पाण्यातूनच कळतं. पूर्वेला शहर, सूक म्हणजे बाजार, आणि कैरोहून जवळजवळ नऊशे किलोमीटर येऊन थकलेल्या गाड्यांचं स्टेशन. पश्चिमेला पाण्याच्या काठापासूनच उभी राहिलेली सोनेरी वाळू. मध्ये दोनशे-तीनशे पावलांची हिरवी पट्टी, खजुरीची झाडं आणि करडे गुळगुळीत कातळ. ते कातळ म्हणजे नदीत डुंबणारे हत्ती, असं तुम्ही दाखवलंत. एकदा दाखवल्यावर ते मला दगड म्हणून दिसेचनात. बेटाचं जुनं नाव ‘अबू’ म्हणजे हत्ती. ते या कातळांवरून पडलं की इथून जाणाऱ्या हस्तिदंताच्या व्यापारावरून, यावर दोन्ही बाजूंनी बोललं जातं. मी तुमच्या बाजूची. वर्षाला सरासरी एक मिलीमीटरही पाऊस न पडणाऱ्या या गावाला जे काही मिळालं ते नदीने आणलं: दक्षिणेचं सोनं, हस्तिदंत, आबनूस. आणि इथून जे गेलं ते गुलाबी ग्रॅनाइट, तेही नदीवरूनच, पार उत्तरेपर्यंत. खाणीत अर्धवट सोडलेला तो ओबेलिस्क, म्हणजे टोकाकडे निमुळता होणारा चौकोनी दगडी स्तंभ, बाबांना बघता आला नाही. मी एकटी जाऊन आले. जवळजवळ बेचाळीस मीटर लांबीचा एकसंध दगड, वजन हजार टनांच्या वर, आणि कोरता कोरता त्याला तडा गेला म्हणून तो तिथेच आडवा राहिला. परत येऊन मी बाबांना त्याचं वर्णन सांगत होते, तेव्हा तुम्ही होडीवर चौदा पावलं चालून दाखवलीत आणि म्हणालात, अशा तीन होड्या एकापुढे एक.

त्या चार रात्री तुम्ही आमच्या खोलीवर किती वेळा आलात, अम्म? तुमच्या शेजारच्याच घरात आम्ही उतरलो होतो. अकराला दारावर टकटक: उस्ताजांना थंडी वाजत नाही ना. पहाटे पुन्हा: पाय उशीवर आहे ना. तिसऱ्या दिवशी बाबांजवळ बसून तुम्ही मला पश्चिमेच्या टेकडीवरच्या थडग्यांकडे पाठवलंत. तिथे हरखुफची कबर आहे, चार हजार वर्षांहून जुनी. तो इथला अधिकारी, दक्षिणेच्या मुलखात जाऊन यायचा. एका फेरीत त्याने एका बुटक्या नर्तकाला सोबत आणलं. राजा दुसरा पेपी तेव्हा लहान मुलगा होता. त्याला इतका आनंद झाला की त्याने हरखुफला पत्र लिहिलं, आणि हरखुफने ते आपल्या कबरीच्या दर्शनी भिंतीवर कोरून घेतलं. त्यात राजा बजावतो: होडीत त्याच्या दोन्ही बाजूंना चांगली माणसं ठेव, तो पाण्यात पडू नये, रात्री झोपला की भोवती माणसं निजव आणि दहा वेळा उठून बघ.

मी हे खाली येऊन सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, ‘दहा वेळा? आपले अम्म त्याहून जास्त येतात.’ मी ते इंग्रजीत केलंच नाही तेव्हा. आज सांगते आहे.

आणि आता त्या जिन्याबद्दल.

बेटाच्या कडेला नदी मोजायचा जिना आहे, नव्वद पायऱ्यांचा, कातळातून थेट पाण्यात उतरणारा. भिंतीवर हातांच्या मापाच्या खुणा. १८७० मध्ये तो दुरुस्त करून पुन्हा वापरात आणला गेला. पूर कुठल्या खुणेपर्यंत चढला त्यावरून पीक कसं येणार हे कळायचं, आणि पिकावरून सारा ठरायचा. प्लिनी नावाच्या रोमन लेखकाने लिहून ठेवलंय: बारा हात पाणी म्हणजे उपासमार, चौदा म्हणजे समाधान, सोळा म्हणजे आनंदीआनंद. बाबा होडीत बसून खालच्या तोंडातून आत बघत होते आणि मी वरून पायऱ्या मोजत उतरत होते. तुम्ही वरच्या खुणांकडे बोट केलंत आणि म्हणालात, नदी आता तिथे कधीच येत नाही.

तुमचं बोलणं मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवलं. १९०२ मध्ये इंग्रजांनी आस्वानजवळ पहिलं धरण बांधून पूर्ण केलं. १९१२ मध्ये त्याची उंची वाढवली, १९३३ मध्ये पुन्हा. दर वेळी पाणी दक्षिणेकडे चढलं आणि दर वेळी तुमच्या घराने अंगण, खजुरी आणि गव्हाची पट्टी पाण्याला देऊन कातळावर आणखी वर घर बांधलं. पणजोबांनी एकदा, आजोबांनी दोनदा. मग १९६० मध्ये मोठं धरण सुरू झालं, १११ मीटर उंच, जवळजवळ चार किलोमीटर लांब, आणि त्यामागचं सरोवर सुदानपर्यंत पोचणार होतं. आता वर जाऊन भागणार नव्हतं. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे पन्नास हजार नूबियन माणसांना, म्हणजे तुमच्या लोकांना, आस्वानच्या उत्तरेला कोम ओम्बोच्या मैदानात हलवलं. तुम्ही सहा वर्षांचे होतात. आजी घराच्या भिंतीला हात लावून उभी होती आणि बोटीचा भोंगा वाजला तरी निघत नव्हती, हे तुम्हाला आठवतं. नव्या वसाहतीत गावांची नावं जुनीच दिली, पण तिथून नदी दिसत नव्हती. पाण्याला तुमच्या भाषेत ‘एस्सी’ म्हणतात. आजी सकाळी उठून कुणालाही विचारायची, एस्सी कुठे आहे?

तुमचे वडील दोन वर्षांनी आस्वानला परत आले आणि दुसऱ्याच्या होडीवर लागले. म्हणून आज तुम्ही नावाडी आहात, आणि म्हणून त्या सकाळी धक्क्यावर होतात.

‘तहजीर’ हा शब्द तुम्ही वापरलात, उठवून लावणं. आमच्याकडे ‘धरणग्रस्त’ म्हणतात. मी तो शब्द बातम्यांत शेकडो वेळा वाचला असेल, पण धरणग्रस्त माणसाच्या मांडीवर माझ्या वडिलांचा सुजलेला पाय कधी नव्हता. तरीही तुम्ही धरणाला शिव्या दिल्या नाहीत. उलट सांगितलंत की ऐंशीच्या दशकात दक्षिणेकडे पाऊस आटला तेव्हा याच साठ्याने इजिप्तला वाचवलं, घरोघरी वीज आली, वाईट पूर थांबले. हे सगळं खरं आहे. पण पुराबरोबर येणारा काळा गाळही धरणामागे अडकला, शेताला खत विकत घ्यावं लागतं, आणि गाव कुणाचं बुडालं हे विचारल्यावर उत्तर एकाच दिशेला जातं. देशासाठी ज्यांनी सर्वात जास्त दिलं त्यांना नदीकाठी परत येण्याचा हक्क मिळायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. तुम्ही हे मोठ्याने म्हणाला नाहीत, म्हणून मी म्हणते.

फायली बेटावरचं देऊळ तर पहिल्या धरणानंतर वर्षातले कित्येक महिने पाण्यात असायचं. १९८० पर्यंत त्याचा दगडन्‌दगड शेजारच्या अगिल्किया बेटावर हलवला. तिथे चित्रलिपीतला ज्ञात असलेला शेवटचा लेख आहे, २४ ऑगस्ट ३९४ चा. बाबांना तुम्ही आणि तुमच्या पुतण्याने खुर्चीसकट उचलून त्या भिंतीसमोर नेलंत. बाबांनी काहीच म्हटलं नाही, नुसते बघत राहिले. मी त्यांना इतकं गप्प क्वचितच पाहिलंय.

परत येताना पश्चिमेच्या टेकडीवरची ती बदामी कबर दाखवलीत आणि म्हणालात, इथे आगाखान आहेत, त्यांच्या बेगम जिवंत असेपर्यंत कबरीवर रोज एक लाल गुलाब असायचा. पुण्याचा आगाखान पॅलेस याच तिसऱ्या आगाखानांनी १८९२ मध्ये बांधला. तिथेच गांधीजी कैदेत होते आणि तिथेच २२ फेब्रुवारी १९४४ ला कस्तुरबा गेल्या. बाबांनी हे सांगितल्यावर तुम्ही शीड सैल करून होडी थोडा वेळ तशीच तरंगत ठेवलीत. तुम्हाला गांधी माहीत होते. महाल बांधणारा आपल्या गावात झोपला आहे हे माहीत नव्हतं.

अम्म, तुम्ही आमच्यासाठी केलंत त्याची परतफेड करायला माझ्याकडे काही नाही. तुमच्या फेट्याचं कापड बाबांनी धुऊन, घडी करून कपाटात ठेवलं आहे. ते परत पाठवू का विचारलं तर म्हणतात, मी स्वतः नेऊन देईन.

आता काठीची गोष्ट. २१ जूनला बाबा गच्चीवर गेले. आमच्याकडे त्या दिवसांत आभाळ भरलेलं असतं, पण मध्यान्हीला पाचेक मिनिटं ऊन आलं. त्यांनी काठी ओळंब्याने सरळ उभी धरायला लावली आणि सावली मोजली. मीटरभर काठीला आठ-साडेआठ सेंटीमीटर, आणि तीही दक्षिणेला, कारण सूर्य त्या दिवशी आमच्या डोक्याच्याही उत्तरेला सरकलेला असतो. लगेच त्यांनी तुम्हाला फोन लावायला सांगितला. संध्याकाळी तुमचा निरोप आला: बेटावरच्या वाळूत काठी रोवली होती, सावली नखाएवढी, उत्तरेला.

बाबांनी तो निरोप तीनदा ऐकला आणि वहीत आस्वानसमोरची जागा भरायला घेतली. तिथेच अडले आहेत. विचारताहेत, तुमची काठी किती लांबीची होती? तेवढं मोजून कळवा.

तुमची,
उस्ताजांची मुलगी