स्कीपर झोपणार कुठं? विश्रामबागच्या काकांना आभाराचं पत्र

ती. स्व. काकांस शि. सा. नमस्कार, वि. वि.

आमच्या बोटीच्या सहलीबद्दल समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकायला सांगू का?" म्हणून विषय बदलता. दोनदा असं झालं, म्हणून आता सगळ्यांच्या देखत लिहिते. सांगली-मिरजेत आमच्यासारखं खूळ डोक्यात घेतलेलं आणखी कुणी असेल, तर त्यालाही उपयोग होईल.

आम्ही जाऊन आलो. सहाच्या सहा, धडधाकट. जूनच्या पहिल्या आठवड्यात, ग्रीसच्या आयोनियन समुद्रात, शिडाच्या बोटीवर शनिवार ते शनिवार. व्हिसाचं पुतण्यानं बघितलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

खूळ यांचं, हे तुम्हाला माहीतच आहे. यांची पन्नाशी, त्यात यंदा बेदाण्याला बरा दर मिळाला. एका रात्री जेवताना "एक यॉट घेऊया" असं जाहीर केलं. सासूबाईंना वाटलं विकत घेतोय, त्यांचा घास हातातच राहिला. आठवडाभर भाड्यानं म्हटल्यावर वाटी पुढं करून त्यांनी आमटी मागितली.

एजंटाचं कोटेशन घेऊन आम्ही तुमच्या व्हरांड्यात आलो, ते खरं तर कौतुक करून घ्यायला. ऑगस्ट महिना, सायक्लेड्स बेटं, तीन केबिनची बोट, 'बेअरबोट', आणि ॲडव्हान्स दोन दिवसांत भरायचा. बेअरबोट म्हणजे फार थाटमाट नसलेली, साधी बोट असेल अशी यांची समजूत. तुम्ही चष्मा पुसला, कानावरची शिसपेन्सिल काढली आणि सहा पानं पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. नौदल सोडून इतकी वर्षं झाली तरी कागद वाचायची तुमची पद्धत ड्युटीवरचीच. मध्ये कुणी बोललं की बोट वर करून थांबवायचं.

"चालवणार कोण?" हा पहिला प्रश्न. बेअरबोट म्हणजे बिनमाणसांची बोट. ताबा दिला की मालक मोकळा. ग्रीसमध्ये ती घ्यायची तर चालवणाऱ्याकडं शिडाच्या बोटीचा परवाना लागतो आणि हाताशी दुसरा जाणता माणूस लागतो. आमच्या घरात परवाना आहे तो ट्रॅक्टरचा. हे म्हणाले, "मग घेऊ की एक स्कीपर," म्हणजे बोट चालवणारा पगारी माणूस. तुम्ही मान न उचलता विचारलंत, "तो झोपणार कुठं?"

काका, त्या प्रश्नासाठीच हे पत्र आहे म्हटलं तरी चालेल. तीन केबिन, आम्ही दोघं, दोन पोरं, सासूबाई आणि वन्सं. स्कीपरला केबिन आणि जेवण आपण द्यायचं असतं, रोजचा पगार वेगळा, हे त्या सहा पानांत कुठंच नव्हतं. तो परका माणूस सात रात्री जेवणाच्या टेबलाशेजारच्या बाकावर झोपला असता आणि सासूबाईंना रात्री पाणी प्यायला उठायची चोरी झाली असती. तुम्ही तीनवर काट मारून चार लिहिलंत.

मग 'ऑगस्ट' या शब्दाभोवती गोल काढलात आणि बाजूला लिहिलंत, मेल्टेमी. सायक्लेड्स बेटं ज्यात आहेत त्या एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून येणारा वारा. आभाळ निळंशार, ढगाचा ठिपका नाही, आणि वारा मात्र दिवस दिवस थांबत नाही, जोरात असला की वाऱ्याच्या मापावर सात-आठ फोर्सला जातो. सात फोर्स म्हणजे 28 ते 33 नॉट, ताशी पन्नास-साठ किलोमीटर. "आपला वळीव निदान ढग दाखवून, वास सोडून येतो. हा तसलं काही करत नाही," म्हणालात. त्यापेक्षा पश्चिमेला आयोनियनमध्ये जा. तिथं दुपारी मैस्त्रो नावाचा वारा उठतो, संध्याकाळी बहुतेक पडतो, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तेवढा पुष्कळ झाला.

शेवटी कालनिर्णयच्या जुन्या पानामागं खर्चाची बेरीज मांडलीत. स्कीपर, डिझेल, बंदराचं भाडं, शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल, डिंगीचं, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं, इंजिन. वरून क्रेडिट कार्डावर तीन हजार युरो अनामत अडकून राहणार, म्हणजे कार्डाची तेवढी मर्यादा हवी. कोटेशनच्या वर जवळजवळ एक तृतीयांश निघाले. एजंटाला फोन लावला तर तो म्हणाला, "असं कुणी विचारत नाही ओ." यांनी तिथंच फोन ठेवला. नवी बोट तुमच्या यादीतले प्रश्न विचारूनच ठरवली.

सासूबाईंचं मात्र कागदावर सुटण्यासारखं नव्हतं. त्या याआधी बोटीत बसल्या त्या ऑगस्ट 2019 च्या महापुरात, गावभागातल्या घराच्या पहिल्या मजल्यावरून. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं होतं. त्याच दिवसांत ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. तेव्हापासून बोट म्हटलं की त्या गप्प होतात. तुम्ही त्यांना "घाबरू नका" म्हणाला नाहीत. ब्रह्मनाळच्या बोटीत माणसं जास्त होती एवढंच म्हणालात, आणि आमची बोट किती जणांसाठी आहे, आम्ही किती, जॅकेटं किती, हे आकडे त्यांच्यासमोर मांडलेत. बोट कलते तेव्हा पोटाखालचं जड कील तिला परत उभं करतं, हे तळाशी वाळू भरलेली बाटली घंगाळात तरंगवून दाखवलंत. दुसऱ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "माझं जॅकेट तिथं पोचल्या पोचल्या घालून बघायचं." त्यांचं होय तेव्हा कळलं.

पोरांना वाटत होतं यॉट म्हणजे डेकवर गाणी लावून नाचायचं. त्यांना तुम्ही 2009-10 मध्ये म्हादेई नावाच्या शिडाच्या बोटीवरून एकट्यानं पृथ्वीला फेरी मारणाऱ्या दिलीप दोंद्यांची गोष्ट सांगितलीत आणि गोष्ट संपेपर्यंत दोघांच्या हातात दोरी दिलीत. बोलिन गाठ. "म्हशीच्या गळ्याला सरकती गाठ टाकाल तर ओढली की आवळते. ही आवळत नाही आणि भिजली तरी सुटते." क्लोव्ह हिच ही दुसरी गाठ बघून हे म्हणाले, "ही तर आपली खुंट्याची." तुम्ही हसलात ते त्या दिवशी पहिल्यांदा.

आता तिकडचं. लेफ्कादा बेटाच्या मरिनात, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्यावर, बोट ताब्यात घेताना, सांगितल्याप्रमाणे, धाकट्यानं सगळ्या बोटीचा व्हिडिओ काढला. मागच्या बाजूला उजवीकडं वीतभर ओरखडा होता, त्याचा जवळून फोटो घेतला आणि यादीत लिहायला लावलं. पुढच्या शनिवारी कंपनीच्या माणसानं नेमकं तिथंच बोट ठेवलं. धाकट्यानं काही न बोलता मोबाईल पुढं केला. अनामत पूर्ण सुटली.

संडासाचं तुम्ही सांगितलेलं वाक्य, "आधी खाल्लेलं असेल तेवढंच त्यात टाकायचं", वन्संनी चिठ्ठीवर लिहून दाराला चिकटवलं. पाण्याच्या टाकीबद्दल स्कीपरनं आम्हाला मोठं भाषण दिलं. मी दुष्काळी जतची. घागरभर पाण्यात काय काय होतं हे त्यालाच दाखवलं. आठवड्यात दोनदा भरावी लागेल म्हणाला होता, एकदाच भरली.

मेगानिसी, इथाका, मग केफालोनियाचं फिस्कार्दो. तिथं बोट मागच्या बाजूनं धक्क्याला लावतात आणि पुढून नांगर टाकतात. वारा आडवा, दोन्ही बाजूंना महागड्या बोटी, आणि थोरल्याच्या हातात मागची दोरी. त्यानं ती धक्क्यावरच्या माणसाकडं फेकली, पहिल्यांदा पाण्यात. दुसऱ्यांदा तुम्ही शिकवल्यासारखी अर्धी गुंडाळी उजव्या हातात, अर्धी डाव्या. गेली बरोबर. त्याचं तोंड तेव्हा बघायला हवं होतंत.

संध्याकाळी धक्क्यावर बसलो असताना स्कीपरनं सांगितलं की ऑगस्ट 1953 च्या भूकंपात बेटावरची बहुतेक गावं पडली, फिस्कार्दो तेवढं राहिलं. मुलांनी मराठीत सांगितल्यावर सासूबाईंनी एकच विचारलं, "पहाटे का दिवसा?" त्यांचं माहेर पाटण तालुक्यातलं, कोयनेचा भूकंप 1967 च्या डिसेंबरात पहाटे झाला. दिवसा, असं कळल्यावर त्या म्हणाल्या, "मग माणसं रानात असतील." बराच वेळ त्या जुन्या घरांकडं बघत बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी जॅकेट घालायचं सोडलं नाही, पण बसायला लागल्या पुढं, डेकवर.

यांची सहल झाली ती दुकानात. त्या बेटांवरून पूर्वी काळा बेदाणा जहाजं भरभरून बाहेर जायचा, इंग्रजीतला 'करंट' हा शब्दच कोरिंथवरून आला. पाव किलोचं पाकीट घेऊन हे सगळं दातांखाली चावून बघत होते. "चव आहे. पण एवढा बारीक माल तासगावच्या सौद्यात चुरा म्हणून बाजूला काढला असता." मग दर बघितला, रुपयांत केला आणि गप्प झाले. तुमच्यासाठी एक पाकीट आणलंय.

एक तक्रार आहे. भडंग दोन किलो पुरेल म्हणालात. सोमवारीच संपलं, निम्मं स्कीपरनं खाल्लं. तो चौथ्या केबिनमध्ये झोपला, दार लावून, आणि घोरायचा. सासूबाई रात्री पाहिजे तेव्हा उठून पाणी पीत होत्या.

दोरी आणि पाकीट घेऊन बुधवारी संध्याकाळी येतो. काकूंना सांगा, चहा नको, ताक चालेल.

आपली,
बेदाणेवाल्यांची सून