नॉर्डस्ट्रँडाइट म्हणजे गिब्साइट नव्हे

महोदय,

बॉक्साइट या ॲल्युमिनियमच्या धातुकावरील लेखांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड म्हणजे गिब्साइट हे खनिज, असे सरसकट समीकरण मांडले जाते. कोल्हापूरच्या बॉक्साइटपुरते ते बहुतांशी चालून जाईल. पण हेच रासायनिक सूत्र असलेली बेयराइट, डॉयलेआइट आणि नॉर्डस्ट्रँडाइट ही दुर्मीळ भावंडेही आहेत. फरक फक्त स्फटिकातील अणूंच्या थरांच्या रचणीचा.

नॉर्डस्ट्रँडाइट आधी प्रयोगशाळेत तयार झाले. निसर्गात ते सापडल्याची नोंद 1962 मध्ये, बोर्निओ बेटावरील सारावाक आणि प्रशांत महासागरातील ग्वाम बेट येथून झाली, दोन्हीकडे चुनखडीच्या सान्निध्यात. हा योगायोग नाही. त्याला अल्कधर्मी वातावरण मानवते. आम्लधर्मी जांभ्यात मात्र गिब्साइटच वरचढ ठरते.

रासायनिक पृथक्करणाने ही खनिजे वेगळी ओळखता येत नाहीत. तापवल्यावर सर्वांचे वजन सारखेच, सुमारे 34.6 टक्के घटते. क्ष-किरण विवर्तनच हवे, म्हणजे स्फटिकाच्या थरांवरून क्ष-किरण कोणत्या कोनात परततात ते मोजून थरांमधील अंतर काढणे. मुख्य रेषा गिब्साइटची 4.85, नॉर्डस्ट्रँडाइटची 4.79, बेयराइटची 4.71 अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). तांब्याचे लक्ष्य असलेल्या क्ष-किरण नळीवर पहिल्या दोहोंच्या कोनांत जेमतेम पाव अंशाचे अंतर पडते. यंत्र घाईने फिरवले, किंवा नमुना किंचित वरखाली बसला, तर गल्लत ठरलेलीच. म्हणून नमुन्याच्या भुकटीत थोडे शुद्ध क्वार्ट्झ मिसळून, त्याच्या ठाऊक असलेल्या रेषांवरून कोनाची मोजपट्टी तपासावी. नमुना भट्टीत कडक तापवून वाळवू नये. 200 अंश सेल्सिअसच्या पुढे पाणी सुटू लागते आणि ओळखायचे खनिजच उरत नाही.

– एक भूशास्त्र अभ्यासक