सावली नाहीशी होण्याची वेळही छापा

महोदय,

मे महिन्यात तापमानाचे आकडे आपण रोज छापता. याच महिन्यात सूर्य महाराष्ट्रातील गावांच्या अगदी माथ्यावर येतो, त्या तारखाही ठळकपणे छापाव्यात, ही विनंती. कोल्हापूरला साधारण ६ मे, मुंबईला १५-१६ मे, तर नागपूरला २६ मेच्या सुमारास उभ्या काठीची सावली काही क्षण पूर्ण नाहीशी होते. आपले सारे राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने हे घडते. दिल्ली कर्कवृत्ताच्या, म्हणजे साडेतेवीस अंश उत्तर अक्षांशाच्या पलीकडे आहे, तिथे सूर्य कधीच बरोबर डोक्यावर येत नाही! जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य दक्षिणेकडे परतताना हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे आभाळ भरलेले असते. म्हणून मे सोडून चालत नाही आणि नेमक्या तेव्हाच शाळांना सुट्टी असते. हे मला फार खटकते.

घड्याळात बारा वाजले की सूर्य माथ्यावर, हा समजही अजून घट्ट आहे. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तेव्हा साडेबारा उलटून गेलेले असतात. एप्रिलअखेर तालुकावार तारीख आणि वेळेचा तक्ता दिलात, तर वाचनालये व ग्रामपंचायती मुलांना अंगणात जमवू शकतील.

– एक वाचक, पुणे