साधनाताईही आठवाव्यात

महोदय,
आनंदवन म्हटलं की बाबा आमटे आठवतात, ते योग्यच. पण ९ जुलै हा त्यांच्या पत्नी साधनाताईंचा स्मृतिदिन येतो आणि बहुतेक वर्तमानपत्रांतून तसाच निघून जातो, याची रुखरुख वाटते.

लग्नापूर्वीच्या इंदू घुले यांना बाबांनी पाहिलं ते लग्नघरात. सगळे सोहळ्यात दंग, आणि ही मुलगी हळूच मागे जाऊन म्हाताऱ्या मोलकरणीला धुणं धुऊ लागत होती. १९४६ मध्ये दोघांचं लग्न झालं. पुढे वरोऱ्याजवळच्या माळरानावर सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवनाचा संसार मांडला गेला. विकास आणि प्रकाश ही मुलं तेव्हा अगदी लहान होती. कुष्ठरोग्यांच्या हातची भाजी म्हणून गावातले लोक ती विकत घ्यायलाही तयार नसत. त्या दिवसांत चूल पेटती ठेवणं सोपं का होतं? (कर्तृत्वाच्या याद्यांत चुलीला कधी जागा मिळत नाही, हा भाग वेगळा.)

पाठीच्या दुखण्यामुळे बाबांना बसता येत नसे; एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं पडायचं. अशा माणसाची शुश्रूषा करत त्या १९९० मध्ये नर्मदाकाठी कसरावदलाही राहायला गेल्या. स्वतःच्या साठीनंतर!

२०११ मध्ये त्या गेल्या. येत्या ९ जुलैला आपल्या दैनिकाने त्यांच्यावर चार ओळी जरूर छापाव्यात.

– एक वाचक, चंद्रपूर